बारभाईची बाटली

रक्त द्यायला येणारी माणसं दोन प्रकारची असतात. सुईकडे बघणारी आणि भिंतीकडे बघणारी. भिंतीकडे बघणारी बरी, मुकाट्याने काम उरकून जातात. सुईकडे बघणारी मात्र दंडावर कापूस दाबत काउंटरवर येतात आणि मला ऐकवतात, "बरंच काढलंत हो." जसं काही मी ते घरी नेऊन साठवणार आहे. आणखी एक प्रकार आहे, पण तो रक्तवाल्यांचा नाही. हे लोक शौचाची डबी चकचकीत कागदात गुंडाळून आणतात आणि देताना इतके लाजतात की घ्यायची मलाच लाज वाटावी. एका गृहस्थांनी तर वर रिबन बांधली होती.

मला या धंद्याची पहिल्यापासून किळस. लॅब वहिनीची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या बायकोची. पॅथॉलॉजिस्ट ती. मी बाहेर बसून पावत्या फाडते, रिपोर्ट देते आणि माणसं बघते. कोण खरंच उपाशीपोटी आलंय आणि कोण चहा ढोसून साळसूदपणे बसलंय, हे मला दारातच कळतं. आतल्या खोलीत मात्र नाइलाज असल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. तिथे नळ्या गरागरा फिरवतात. लाल ते तळाला बसतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. लोकांना वाटतं सगळ्यांचं रक्त सारखं. ते लाल असेपर्यंत. सीरम सुटलं की माणूस उघडा पडतो. कुणाचं वाळल्या गवताच्या रंगाचं, स्वच्छ. कुणाचं हिरवट. कुणाचं आदल्या दिवशीच्या मटणाने पांढुरकं झालेलं, वर साय धरलेलं. ती साय एकदा बघितली, तेव्हापासून मी दुधावरचीसुद्धा खात नाही.

आत राज्य डासोबाचं. हा आमचा टेक्निशियन. रक्त कधी काढलं ते कळतसुद्धा नाही म्हणून पेशंटांनीच त्याला हे नाव दिलं आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा. डासोबाच्या खालोखाल मान होता बारभाईचा.

बारभाई ही एक बाटली. चांगली जाड काचेची, रुंद तोंडाची. तिचं काम असं, की तपासणीच्या मशीनला रोज सकाळी पेशंटांच्या आधी एक ओळखीचा नमुना खायला घालावा लागतो. त्याचा आकडा कालच्यासारखाच आला तर मशीन शुद्धीवर आहे असं समजायचं. तसे नमुने विकतही मिळतात, आणि अधूनमधून आम्ही ते लावायचो. पण रोजच्यासाठी घरचाच. ज्यांचे रिपोर्ट अगदी नीट आलेत अशा लोकांचं उरलेलं सीरम एकत्र ओतायचं, त्यात ते कुजू नये म्हणून औषधाचे थेंब टाकायचे आणि बाटली फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायची. अर्धी गल्ली त्या बाटलीत असायची. एकमेकांशी वर्षानुवर्षं बोलत नसलेले शेजारी तिथे गुण्यागोविंदाने नांदायचे. बाटली संपली की ती धुवायची, उकळायची आणि पुन्हा नव्याने भरायची. जुन्यात नवं कधीही घालायचं नाही, हा वहिनीचाच नियम. आणि दुसरा नियम, आजारी माणसाचा एक थेंबही त्यात जाता कामा नये.

दुसरा नियम तिनेच आधी मोडला, आणि तो दादापायी.

दादा फर्निचर बनवतो. हात एवढा बारीक, की त्याने केलेला ड्रॉवर बोटाने ढकलला तर श्वास सोडल्यासारखा आत जातो. गेल्या वर्षी त्याला साधा ताप आला. ताप उतरला, पण हृदयाला धरून बसला. आधी जिना चढताना धाप, मग चपला घालताना, मग नुसतं उठून बसताना. घोटे सुजून बोटाने दाबले की खड्डा राहायचा. रंधा बंद झाला. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्नायू रोज थोडाथोडा मरतोय. तो थांबला तर ठीक, नाहीतर औषध संपलं आमचं.

तो मरतोय हे कळतं कसं, असं मी विचारलं तेव्हा वहिनीने दादाच्याच भाषेत समजावलं. हृदयाचा स्नायू म्हणजे दोऱ्यांचे जुडगे. एका दोऱ्याने दुसऱ्याला धरून ओढलं की ठोका, सोडलं की विसावा. कधी धरायचं आणि कधी सोडायचं हे ठरवायला एक प्रोटीन असतं, ट्रोपोनिन. कडीसारखं. ठोक्याठोक्याला ही कडी उघडते आणि लागते. निरोगी माणसात ती जागची हलत नाही. स्नायू मेला की सुटून रक्तात येते. घर पडल्यावर दाराची कडी रस्त्यावर सापडावी, तशी. आपण रक्तात त्या कड्या मोजतो.

दादा पडल्यापडल्या हसला. म्हणाला, जन्मभर लोकांच्या कड्या बसवल्या, आता माझ्याच निखळायला लागल्या होय.

दर आठवड्याला वहिनी स्वतः त्याचं रक्त काढायची, डासोबालाही हात लावू द्यायची नाही. दर आठवड्याला आकडा चढलेला. तपासून झालं की उरलेलं सीरम लाल पिशवीत टाकायचं, ती जाळायला जाते. एका सकाळी मी रिपोर्टच्या कागदांसाठी आत गेले तर वहिनी दादाची नळी हातात घेऊन पिशवीसमोर उभी होती. तशीच उभी राहिली. मग वळली, फ्रीज उघडला, बारभाईचं झाकण काढलं आणि नळी तिच्यात उपडी केली. मला बघून म्हणाली, "कचऱ्यात टाकवेना गं." मी कागद उचलले. एवढ्या मोठ्या बाटलीत चमचाभर. आकड्यात दिसणारही नाही, असं तीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनने बारभाईचा ट्रोपोनिनचा आकडा दिला तो बघून डासोबाने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

आकडा तोच. मर्यादेच्या कितीतरी वर. विकतचा नमुना लावला, तो बरोबर. पेशंटांचे लावले, तेही जसे असायला हवेत तसे. म्हणजे मशीन ठीक होतं. वहिनीने नळीचं कबूल केल्यावर डासोबा बोटांवर हिशेब करून सांगत होता, की दादाचं चमचाभर सोडा, बाटलीभर असतं तरी एवढा आला नसता. वहिनीने नमुना पडताळायला दुसऱ्या लॅबकडे पाठवला. सोबतच्या कागदावर नाव हवं म्हणून मी बी. भाई असं लिहिलं आणि वय पन्नास ठोकून दिलं.

दुपारी त्या लॅबच्या डॉक्टरांचा फोन माझ्याच हातात आला. आवाज घाबरा.

"हे भाई आत्ता आहेत कुठे?"

फ्रीजमध्ये, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, इथेच आहेत.

"बसवून ठेवा. चालू देऊ नका त्यांना. गाडी बोलवा आणि ॲडमिट करा, रिपोर्टची वाट बघू नका."

मी फोन ठेवून खूप हसले. आत सांगायला गेले तर कुणी हसलं नाही. वहिनीने तेवढ्यात बाटलीतलं पुन्हा लावून बघितलं होतं. सकाळपेक्षा जास्त. संध्याकाळी त्याहून जास्त. दुसऱ्या दिवशी उतरायला लागला, हळूहळू, झटका येऊन गेलेल्या माणसाचा उतरतो तसा.

"सीरममध्ये आकडा उतरू शकतो," वहिनी म्हणाली, स्वतःशीच. "जुनं होतं, उतरतो. चढायला हृदय लागतं."

त्याच आठवड्यात दादाचा आकडा पहिल्यांदा खाली आला.

हृदयाचे डॉक्टर खूश झाले आणि त्यांनी श्रेय स्वतःच्या गोळीला दिलं. आम्ही दिलं देवाला, वहिनीने कुणालाच दिलं नाही. ती रोज बारभाईचा आकडा बघायची, मग घरी येऊन दादाची नाडी. पुढच्या आठवड्यात बारभाईला पुन्हा झटका आला आणि दादा उशीला न टेकता बसला. त्याच्या पुढच्या वेळी तो जिना उतरून माझ्यासाठी फाटक उघडायला आला. मी त्याच्या गळ्यात पडून रडले. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला बाटलीची आठवणही झाली नाही.

आठवण झाली ती वासाने.

आतल्या खोलीतला फ्रीज उघडला की कोंबट वास यायला लागला. बिघडल्याचा नव्हे, बिघडल्याचा मला कळतो. हा बंद खोलीत खूप माणसं झोपून उठल्यावर येतो तसला. औषधांच्या बाकी बाटल्यांवर गारव्याचे थेंब आणि बारभाई कोरडी. रंग पालटून गुलाबीसर झालेला. वर साय नव्हती, चामडी होती. डासोबा चमच्याने ती बाजूला करायचा आणि ती परत जागेवर यायची.

एकदा मशीनची सुई अडकली. सीरममध्ये गुठळी असली की अडकते, त्यात नवं काही नाही. डासोबाने चिमटा घालून ओढलं तर दोरा निघाला. ओला, बारीक, चिकनच्या तंगडीतली नस निघते तसा. निघतच राहिला. त्याने हात उंच केला, आणि दोरा ताणला गेला, आणि मग दोऱ्याने त्याचा हात थोडा खाली ओढला.

डासोबाने चिमटा टेबलावरच्या टिश्यू पेपरवर टेकवला. दोरा तिथे पसरला. कागद चुरगळला. सैल झाला. पुन्हा चुरगळला.

त्याने त्यावर दुसरा कागद टाकला आणि आम्ही दोघंही बघत बसलो, ताटावरच्या झाकणाकडे बघावं तसे. मग मी रुमाल तोंडाला लावून बाहेर पळाले. काउंटरवर एक बाई सुट्ट्या पैशांवरून माझ्याशी भांडल्या. इतकं बरं वाटलं त्या भांडणाचं, की मी जरा जास्तच ओढलं.

बाटली फेकून देऊ या, असं डासोबा वहिनीला म्हणाला. वहिनीने त्याच्याकडे गोठवून टाकणाऱ्या नजरेने बघितलं. बाटली संपत आली होती. नियमाप्रमाणे धुवून उकळायची. वहिनीने त्या दिवशीच्या नळ्यांतून चांगल्या लोकांचं सीरम निवडलं आणि जुन्यातच ओतलं. विरजण लावल्यासारखं. ढवळलं, झाकण लावलं, खालच्या कप्प्यात ठेवलं. मग रोजच.

आता मी जे बघितलं ते सांगते. पुरावा माझ्याकडे नाही, वहिनीने मागितला तेव्हाही नव्हता.

कोपऱ्यावरचे शिंपीकाका साखर तपासायला आले होते. नीटनेटका माणूस, माझ्याकडे एकदा नुसतं बघून म्हणाले होते, ब्लाउज खांद्यात सैल होतोय, बारीक झालात. साखर उत्तम, सगळंच उत्तम. म्हणजे त्यांचं उरलेलं बाटलीत गेलं. थोड्याच दिवसांनी ते जबडा दुखतोय म्हणून परत आले. रक्त तपासलं तर कड्याच कड्या. तलावावर पोहायला शिकवणाऱ्या बाई नोकरीच्या तपासणीला आल्या होत्या. पाठ फळीसारखी ताठ. त्यांचंही तेच. मग फुलवाल्याची सून. मग तो गिटार घेऊन येणारा मुलगा, त्याच्या वयाला हृदय आहे हे माहीतसुद्धा नसायला हवं.

वहिनीने एकालाही उशीर होऊ दिला नाही, हे कबूल करायला हवं. आकडा दिसला की स्वतः गाडी बोलवायची, दवाखान्यात फोन करायची, मागे धावायची. लोक तिचे पाय धरायचे. मॅडमने वेळेवर पकडलं म्हणून वाचलो. काउंटरवर पेढ्यांचे पुडे आणि आभारपत्रं साचली. पोहायच्या बाईंनी फुलं पाठवली. मी ती पाण्यात ठेवली आणि नंतर हात साबणाने धुतले, का ते कळलं नाही.

शिंपीकाका वाचले नाहीत.

आणि घरी दादा जेवत होता. आयुष्यभर चिमणीसारखा खाणारा माझा भाऊ हाडं फोडून आतलं चोखायला लागला. ओठ लालभडक. मान भरली, गालांवर तकाकी आली, त्वचेखाली तूप सोडल्यासारखी. घाम यायचा आणि त्याला तो कोंबट वास असायचा. तो मायेने माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि मी शहारे लपवायची. ज्याच्या जगण्यासाठी मी देवासमोर नाक घासलं, त्याच्या ताटासमोर बसून मला घास गिळवत नव्हता. याच्यासारखी लाज दुसरी नाही.

डासोबाने नोकरी सोडली. कारण मला एकटीला सांगितलं, जाताना, बॅग खांद्यावर टाकून.

"ताई, माझंही आहे त्यात. कमी पडलं की मी माझंच काढून घालायचो, गेली कित्येक वर्षं. हाताशी असतं ना."

मी विचारलं, तपासलंस का स्वतःचं?

तो म्हणाला, "नाही. आणि तुम्ही पण तपासू नका."

त्याच्या जागी एक काकू आल्या. मोठ्या दवाखान्याच्या लॅबमधून निवृत्त झालेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या, कुणाचं काही न ऐकणाऱ्या. त्यांना बारभाई दाखवलीच नाही. तिचं सगळं वहिनी स्वतः करायची.

मी वहिनीला गाठलं ते आमच्या स्वयंपाकघरात. तिला जे वाटतंय तेच मला वाटतंय, असं मी म्हटलं. ती भांडी पुसत राहिली. मग सगळं शास्त्र तिने माझ्यापुढे मांडलं. बाटलीतलं सीरम आणि माणसाच्या छातीतलं हृदय यांच्यात काहीही नातं असू शकत नाही. लोकांना झटके येतात, आधीही यायचे. आपण जास्त तपासतो म्हणून जास्त सापडतात. ती फक्त एक नमुना सांभाळते आहे.

"मग फेकून दे," मी म्हटलं. "नातंच नाही तर फेकून दे."

तिच्या हातातलं फडकं थांबलं. मला जागा दाखवायची असली की ती मला वन्सं म्हणते.

"वन्सं, तुम्हाला भाऊ नको आहे का?"

बाहेरच्या खोलीत दादा रेडिओबरोबर गुणगुणत होता. ताप यायच्या आधी गुणगुणायचा, तसं.  पुढे कितीतरी दिवस मी तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते आणि तोवर बाटलीत रोज भर पडत होती.

शेवटी सुट्टीच्या दुपारी किल्ली घेऊन एकटीच गेले. शिंपीकाकांच्या बायकोने मला रस्त्यात थांबवून विचारलं होतं, तुमच्याकडे सगळं चांगलं आलं होतं ना हो यांचं? तेवढंच निमित्त. नाहीतर मी कसली जाते.

लॅब बंद असली की फार स्वच्छ दिसते. उन्हाची तिरीप टेबलावर. मी दुहेरी हातमोजे चढवले, नाकावर मास्क, त्यावर ओढणी. बेसिनजवळ हायपो तयार केलं. म्हणजे ब्लीचचं पाणी, असलं सगळं त्यात घालून मारायचं आणि मगच मोरीत सोडायचं, अशी रीत आहे. रीत सोडायची नाही असं मी ठरवलं होतं.

फ्रीज उघडला.

बाटली गळ्यापर्यंत भरली होती. वहिनी एवढं घालत नव्हती.

उचलली तर कोंबट. काचेतून आतलं दिसत होतं. पाणी थोडंच होतं. बाकी ते दोरेच, एकात एक गुंतून काचेच्या आकाराचे झालेले. मांस म्हणावं असं.

माझ्या हातात ते आवळलं गेलं. मग सैल झालं.

मी झाकण काढलं. दादाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, तो आजचा तकतकीत नव्हे, सुजलेल्या घोट्यांचा, उशीला टेकून हसणारा. मी म्हटलं, माफ कर. मोठ्याने म्हटलं.

आणि उपडी केली.

ते लगेच बाहेर आलं नाही. कडेला धरून राहिलं. बाटली आपटावी लागली.

हायपोत पडल्यावर फेस आला, वास आला, उकडलेल्या अंड्याचा. आवळणं मंद झालं. थांबलं. मी नियमापेक्षा जास्त वेळ थांबले. विरघळून राखाडी पाणी झालं. बेसिनचं बूच काढलं.

मोरीने ते घोट घेतल्यासारखं घेतलं. घोट, आणि थांबणं. घोट, आणि थांबणं.

बाटली धुऊन, उकळून उपडी ठेवली. बाहेर येऊन पायरीवर ओकले. मग घरी गेले. दादा पलंगावर आडवा होता. मी दारात उभी राहून त्याच्या छातीकडे बघत राहिले. वर, खाली. तो घोरत होता.

सकाळी वहिनीने उपडी बाटली बघितली. माझ्याकडे बघितलं.  त्या दिवशी तिने दोन नळ्या हातातून पाडल्या. त्यानंतर आम्ही दोघी एका घरात दोन चोरांसारख्या वावरलो, दोघींचं लक्ष एकाच माणसाच्या श्वासाकडे. दादाने त्या आठवड्यात माळ्यावरून रंधा काढला. आठवडा संपता त्याचं रक्त तपासलं. आकडाच नाही. इतकं स्वच्छ सीरम मी बघितलं नव्हतं, नळी रिकामी वाटावी असं.

वहिनी रडली, मी रडले. पहिल्यांदा एकमेकींना धरून. मला वाटलं, सुटलो. बाटलीत काही नव्हतं, असलं तर मेलं, आणि दादा जगला. जमेच्या बाजूला सगळं आणि खर्च शिंपीकाका, असला हिशेब मनात आला आणि माझी मलाच किळस आली.

मग एका सकाळी काकूंनी मला आत हाक मारली. मशीन धुतल्यावर त्या नुसतं पाणी लावून बघतात, शून्य येतं का ते. शुद्ध पाण्याचा कॅन संपला होता म्हणून नळाचं लावलं होतं. चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तुमच्या नळाला झटका आलाय."

त्यांनी मशीनला दोष दिला. विकतचा नमुना लावला, तो बरोबर. माझ्या घरून बाटलीत आणलेलं पाणी लावलं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडचं लावलं. काकू येताना बसमधून उतरून ज्या हॉटेलात चहा घेतात, तिथलं मागवलं. सगळीकडे आकडा, कमीजास्त, पण आकडा. नळाची पाइप आणि मोरीची पाइप एकमेकींना कुठेही भेटत नाहीत. मी प्लंबरला बोलावून खात्री केली. त्याने दोन्ही दाखवल्या आणि मला वेड्यात काढलं.

वहिनी आली. कागद बघितला.  मग काकूंना अगदी शांतपणे म्हणाली, "यालाच शून्य धरा. मशीन यावर लावून घ्या."

काकूंनी तोंड उघडलं होतं, पण वहिनीचा चेहरा बघून मिटलं. मशीन नव्याने लावलं गेलं. त्या दिवसाचे सगळे रिपोर्ट छान आले.

मी बाहेर येऊन काउंटरवर बसले. बाकांवर गर्दी होती. वेळ असल्यामुळे मी माणसं बघायला लागले. दाराजवळच्या आजोबांनी तळहाताने छातीचा मध्य चोळला, सहज, पेपर वाचता वाचता. त्यांनी हात खाली घेतला तेव्हा शेजारच्या बाईने चोळला. मग तिच्या शेजारच्याने. बाक संपेपर्यंत एकेकजण. कुणाचंच लक्ष नव्हतं.

माझा हात कुठे होता ते मी बघितलं नाही.

दादा तेव्हाच आला. दोन-दोन पायऱ्या घेत, हातात नव्या टेबलासाठी मोजमापाची फीत. दम नाही, काही नाही. मला बघून थबकला.

"काय गं, केवढा उतरलाय चेहरा. दमलीस?"

मी म्हटलं, काही नाही, उन्हामुळे असेल. तो काउंटरच्या मागे आला, कोपऱ्यातल्या नळाखाली ग्लास धरला, काठोकाठ भरला आणि माझ्यासमोर ठेवला. लहानपणी मी रडून दमले की ठेवायचा, अगदी तसाच. वहिनी आतल्या दारात उभी होती. आमची नजरानजर झाली. ती काही बोलेल असं मला वाटलं.

"पी," दादा म्हणाला. "सगळं पी, उरवू नकोस."

त्याच्या हातचं मी कधी नाकारलं नाही. मी ग्लास उचलला. पाणी कोंबट होतं. तो माझ्या पाठीवर हात ठेवून, मायेने बघत, शेवटचा थेंब जाईपर्यंत थांबला.

मी ग्लास खाली ठेवला. ढेकर त्याने दिला.